जुन्या डेस्कटॉपला अपडेट कधीपर्यंत? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत एकच काळजी दिसते: मशीन तर उत्तम चालतेय, मग ते बाद कसे झाले? बाद झालेले नाही. पण एका डेस्कटॉपला एकच मुदत नसते, हे आधी लक्षात घ्यावे. ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत वेगळी, ब्राउझरची वेगळी, ऑफिसची वेगळी, स्क्रीन कार्डच्या ड्रायव्हरची वेगळी. यांतली कुठली आधी संपते आणि तिचा तुमच्या कामाशी किती संबंध आहे, हे पाहूनच पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवावे.

प्रश्न : माझा डेस्कटॉप २०१४ चा आहे. कोअर आय-फाइव्ह ४५७०, ८ जीबी रॅम, विंडोज १० होम. बँकेची कामे, मुलीचा अभ्यास आणि थोडे एक्सेल एवढाच वापर. दुकानदार म्हणतो, आता नवीनच घ्या. खरेच इलाज नाही का? (एक वाचक, नाशिक)

इलाज आहे, आणि तो आजच करण्यासारखा आहे. विंडोज १० बंद पडलेले नाही, त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले आहेत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' म्हणजे ईएसयू ही वाढीव योजना ठेवली आहे आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यात नवी वैशिष्ट्ये मिळत नाहीत, तांत्रिक मदतही नाही, पण महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या दर महिन्याला येतात. उशिरा नोंदणी केली तरी मधल्या काळातले राहून गेलेले अपडेट मिळतात. मात्र नोंदणी होईपर्यंत मशीन उघडे असते, म्हणून रेंगाळू नये.

नोंदणीआधी विंडोजची आवृत्ती पाहा. स्टार्टमध्ये डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही अक्षरे टाइप करून एंटर दाबले की छोटी खिडकी उघडते. तिथे '२२एच२' दिसले पाहिजे. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी २२एच२ वर या आणि बाकी राहिलेले सगळे अपडेट चढवून मशीन रीस्टार्ट करा. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट या पानावर 'एन्रोल नाऊ' असा दुवा दिसेल. पुढे तीन पर्याय येतात: पीसीच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक करणे (पैसे लागत नाहीत), १००० रिवॉर्ड्स पॉइंट वापरणे किंवा ३० डॉलर एकदाच भरणे. पहिला पर्याय बहुतेकांना पुरतो. फक्त त्याच पानावर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डरही चढवण्याची कळ असते, ती बंद ठेवा. वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबीच मिळते आणि फोटो चढू लागले की ती दोन दिवसांत भरते. एका नोंदणीवर त्याच खात्याची दहा मशीन चालतात, म्हणजे घरातल्या दुसऱ्या पीसीसाठी वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त त्यावरही त्याच खात्याने नोंदणी करावी लागते.

दुवा दिसत नसेल तर कारण बहुधा या तिनांपैकी एक असते. आवृत्ती २२एच२ नाही. ऑगस्ट २०२५ चे किंवा त्यानंतरचे मासिक अपडेट चढलेले नाही (त्याआधी नोंदणीची खिडकी उघडून लगेच बंद होत असे). किंवा तुम्ही वापरता ते खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नाही. लोकल खात्यावर असाल तर नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करावेच लागते. कचेरीच्या डोमेनला (संस्थेच्या मध्यवर्ती नेटवर्कला) जोडलेल्या मशीनला ही घरगुती योजना लागू होत नाही. संस्थांसाठी वेगळी योजना आहे. ती तीन वर्षांची आहे आणि दरवर्षी तिची किंमत दुप्पट होत जाते.

आता दुसऱ्या मुदती. विंडोज १० वरचा एज ब्राउझर आणि विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या व्हायरस-व्याख्या (व्हायरस ओळखण्याच्या याद्या) ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे वर्गणीदार असाल तर त्या अ‍ॅपना १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. पण ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. आमच्या मते इथेच लोकांची चूक होते. विंडोजची नोंदणी करतात आणि ईमेलने आलेली एक्सेल फाइल जुन्याच ऑफिसमध्ये उघडत राहतात. तुमचा वापर पाहता लिबरऑफिस टाका. फुकट आहे, नियमित अपडेट होते आणि साध्या एक्सेल फाइली त्यात व्यवस्थित उघडतात. डिफेंडर चालू आहे म्हणून ईएसयू नको, असेही करू नका. डिफेंडर ओळखीचे व्हायरस पकडतो, विंडोजमधले भोक बुजवत नाही.

विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते. तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, त्यामुळे ते त्यावर अधिकृतपणे येत नाही. ऑक्टोबर २०२६ नंतर याच मशीनवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकणे हा स्वच्छ मार्ग आहे. त्याचे खाली सविस्तर लिहिले आहे. नवीनच घ्यायचे तर निदान तोवर घाईचा भाव देऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे आय-थ्री ८१०० आहे, म्हणजे आठवी पिढी. मायक्रोसॉफ्टच्या यादीत हा प्रोसेसर आहे, तरी 'पीसी हेल्थ चेक' म्हणते की विंडोज ११ चालणार नाही. का? (एक वाचक, लातूर)

कारण बहुधा प्रोसेसरमध्ये नसून बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डातल्या मूळ प्रोग्रामच्या) मांडणीत आहे. विंडोज ११ ला ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा यांखेरीज टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचेच प्रोग्राम चालू देणारी तपासणी) जमणारी यूईएफआय ही बायोसची नवी पद्धत लागते. आठव्या पिढीच्या बोर्डांत टीपीएम चिपसेटमध्येच असते, त्याला इंटेल 'पीटीटी' म्हणते. एएमडीच्या बोर्डांवर त्याला 'एफटीपीएम' म्हणतात. त्या काळातल्या कितीतरी बोर्डांवर ते कारखान्यातून बंदच येत असे. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा आणि पीटीटी शोधा. असूसमध्ये ते अ‍ॅडव्हान्स्डखाली 'पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन'मध्ये असते, गिगाबाइटमध्ये 'मिसलेनियस'मध्ये, एमएसआयमध्ये 'ट्रस्टेड कॉम्प्युटिंग'मध्ये. ते 'एनेबल' करून सेव्ह करा. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप) चालू असेल तर हे करण्याआधी तो तात्पुरता थांबवा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या सुरुवातीलाच मशीन ती मागेल.

एवढ्याने भागले तर उत्तम. न भागल्यास दुसरी अडचण डिस्कची असते. दुकानात जोडलेल्या बऱ्याच मशीनवर विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीने, एमबीआर या जुन्या विभागणीच्या डिस्कवर टाकलेले असते. अशा वेळी बायोसमध्ये सरळ यूईएफआय निवडले तर विंडोज सुरूच होत नाही, आणि घाबरून लोक फॉरमॅट मारतात. त्याची गरज नाही. एमबीआर डिस्क नव्या जीपीटी विभागणीत बदलणारी एक कमांड विंडोज १० मध्येच आहे: एम-बी-आर ही अक्षरे, मग आकडा दोन, मग जी-पी-टी, सगळे सलग. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडून आधी ती 'व्हॅलिडेट' या पर्यायासह चालवा, मग 'कन्व्हर्ट'सह. चालू विंडोजमधून चालवायची म्हणून दोन्ही वेळा 'अलाऊ-फुल-ओएस' हा पर्याय जोडावा लागतो. डेटा जागच्या जागी राहतो. तरी आधी बॅकअप घ्याच, वीज मध्येच गेली तर कुठलीही कमांड वाचवत नाही.

आपल्याकडे ही कमांड हमखास जिथे अडते ती जागा सांगतो. तिला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात आणि एक्स्टेंडेड पार्टिशन मुळीच चालत नाही. आपल्या दुकानांत मात्र सी, डी, ई अशी ड्राइव्ह पाडून देण्याची जुनी पद्धत आहे आणि ती डी-ई बहुतेकदा एक्स्टेंडेडमध्येच असतात. मग 'व्हॅलिडेट' नापास होते. उपाय असा की डी आणि ई मधले सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा, नकललेल्या फाइली उघडून पाहा, डिस्क मॅनेजमेंटमधून ती पार्टिशन आणि त्यांचे रिकामे एक्स्टेंडेड कवच उडवा, कमांड पुन्हा चालवा आणि शेवटी डी नव्याने बनवा.

रूपांतर झाल्यावरच बायोसमध्ये 'सीएसएम' (जुनी लेगसी पद्धत चालू ठेवणारी सोय) बंद करा आणि सिक्युअर बूट चालू करा. मशीनमध्ये फार जुने स्क्रीन कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहू शकतो, कारण त्या कार्डाच्या स्वतःच्या प्रोग्रामला यूईएफआय कळत नाही. अशा वेळी कार्ड काढा आणि मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागच्या जोडणीत लावा. ८१०० मध्ये ग्राफिक्स आतच आहे. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये मात्र ते नसते.

प्रश्न : यूट्यूबवर दाखवतात तसे सहाव्या पिढीच्या मशीनवर रुफस (विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह बनवणारे सॉफ्टवेअर) वापरून विंडोज ११ टाकले. सहा महिने छान चालले आहे. यात धोका काय? (एक वाचक, पणजी)

आज चालते आहे, उद्याची खात्री कोणी दिलेली नाही. अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते. प्रत्यक्षात मासिक अपडेट बहुधा येतात, अडते ते वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती चढवताना. होम आणि प्रो मध्ये प्रत्येक आवृत्तीला २४ महिन्यांचाच सपोर्ट असतो. २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो, २५एच२ चा १२ ऑक्टोबर २०२७ ला. पुढची आवृत्ती आपोआप येणार नाही, दरवेळी पेन ड्राइव्ह बनवून हाताने चढवावी लागेल. ही मेहनत घेणार असाल तर वापरा. आईवडिलांच्या किंवा दुकानाच्या मशीनवर मात्र करू नका, कारण तिथे ती आठवण कोणाला राहत नाही.

कोअर टू डुओवर तर प्रश्नच मिटतो. २४एच२ पासून विंडोजला 'एसएसई ४.२' आणि 'पॉपकाउंट' या प्रोसेसरमधल्या सूचना लागतात. त्या नसतील तर कुठलीही पळवाट काढली तरी विंडोज सुरू होत नाही.

प्रश्न : आमचे डीटीपीचे काम विंडोज ७, पेजमेकर ७ (पाने लावण्याचे सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवर (मराठी फॉन्ट आणि टायपिंगचे सॉफ्टवेअर) चालते. तीस वर्षांच्या फाइली आहेत. डोंगल (परवान्यासाठी मशीनला लावायची किल्ली) आहे. हे मशीन किती दिवस टिकेल? (एक वाचक, कोल्हापूर)

लोखंड टिकेल तोवर. अट एकच, या मशीनचे इंटरनेट तोडा.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पैसे भरून मिळणारी वाढही १० जानेवारी २०२३ ला संपली. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० तिथे चढत नाही. म्हणजे या मशीनवर ईमेल उघडणे आता योग्य नाही. पण ओळी जुळवणे आणि पाने लावणे याला इंटरनेट लागतच नाही. लॅनची केबल काढा आणि डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क अ‍ॅडॅप्टरही 'डिसेबल' करा, म्हणजे कोणी सहज केबल लावली तरी जोडणी होणार नाही. ग्राहकाकडून आलेला मजकूर दुसऱ्या, अपडेट होणाऱ्या मशीनवर उतरवा, तिथे स्कॅन करा आणि कामासाठीच ठेवलेल्या एका पेन ड्राइव्हने इकडे आणा. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह थेट या मशीनला लावू नका. हा नियम मोडला की बाकीचे सगळे व्यर्थ.

दोन मशीन लॅनने जोडलेली हवीच असतील तर त्या जोडणीला बाहेरची वाट ठेवू नका आणि 'एसएमबी १' ही फाइली वाटून घेण्याची जुनी पद्धत चालू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून शिरला होता. विंडोज ७ ला एसएमबी २ येते, त्यामुळे विंडोज १० किंवा ११ शी फाइली वाटून घ्यायला जुने दार लागत नाही. ते लागते फक्त एक्सपीला.

आता खरी जोखीम. अपडेट नसण्यापेक्षा तुमची हार्ड डिस्क आणि तो डोंगल अधिक धोक्यात आहेत. डिस्कची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे क्लोन, एसएसडीवर काढा आणि ती एसएसडी लावून मशीन सुरू होते का, श्रीलिपी डोंगल ओळखते का, हे आजच पाहा. फॉन्टच्या फाइली, श्रीलिपीची मूळ सीडी आणि ड्रायव्हर वेगळ्या ठिकाणी ठेवा. चिपसेट आणि प्रिंटरचे विंडोज ७ चे ड्रायव्हर कंपन्यांच्या साइटवरून हळूहळू नाहीसे होतात, जे मिळतील ते आत्ताच उतरवून घ्या.

आणि फाइली. तीस वर्षांचा मजकूर अशा फॉन्टमध्ये आहे जो युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) नाही. फॉन्ट गेला की 'मराठी' जाऊन इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. ज्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे होतात त्यांची फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आधी काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवा. रूपांतरानंतर रफार, 'र्‍य'सारखी जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी नजरेखालून घाला, चुका नेमक्या तिथेच राहतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण मशीन मेल्यावर ते करताच येणार नाही.

प्रश्न : कोअर टू डुओ, ४ जीबी रॅम. लिनक्स टाकले तर किती वर्षे अपडेट मिळतील? मराठी टाइप होईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

लिनक्सचे मिंट, उबुंटू, डेबियन असे प्रकार आहेत. लिनक्स मिंट २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तुमच्या मशीनला 'एक्सएफसीई' हा हलका प्रकार घ्या. मिंटची गरज किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा एवढीच सांगितलेली आहे, ४ जीबीत सुखाने चालते. उबुंटू २४.०४ हवे असेल तर नेहमीचा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे. 'उबुंटू प्रो'चे मोफत खाते घेतले तर पाच मशीनपर्यंत २०३४ पर्यंत मिळतो, पण त्याचा मूळ डेस्कटॉप ४ जीबीला जड जाईल.

टाकण्याआधी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरूनच सुरू करा, डिस्कला हात लावू नका. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट मांडणी आहेच. उच्चारानुसार टाइप करायचे असेल तर 'आयबस' आणि त्याचे 'एम१७एन' हे पॅकेज टाकावे लागते. ते टाकल्यावर एकदा लॉग आउट करून परत यावे, नाहीतर यादीत मराठी दिसत नाही आणि लोकांना वाटते की टाकणेच फसले. टॅली, श्रीलिपी किंवा सहीचे यूएसबी टोकन लागणार असेल तर मशीन लिनक्सवर नेण्याआधी ते काम कुठे होणार हे ठरवून ठेवा.

पेंटियम ४ सारखे ३२ बिट मशीन असेल तर दार जवळजवळ बंद झाले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. डेबियन १२ ची लांब मुदत जून २०२८ पर्यंत आहे, तेवढाच काळ हाती आहे.

प्रश्न : २०१९ चा आयमॅक 'टाहो' ही मॅकओएसची आवृत्ती घेत नाही. संपला का? (एक वाचक, ठाणे)

नाही. २०१९ च्या आयमॅकवर सिक्वोया ही शेवटची आवृत्ती. अ‍ॅपल तारखा लिहून देत नाही, पण चालू आवृत्ती आणि तिच्या मागच्या दोन यांना सुरक्षा अपडेट देण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने सिक्वोयाला २०२७ च्या शरदापर्यंत धरून चाला. २०१७ चा आयमॅक व्हेंचुरावर थांबला आहे आणि तो या हिशेबातून आधीच बाहेर पडला. इंटेलच्या आयमॅकपैकी टाहो घेणारा एकच आहे, २०२० चा २७ इंची, आणि इंटेलसाठी टाहो हीच शेवटची आवृत्ती.

प्रश्न : जुने स्क्रीन कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आहे. त्याचे ड्रायव्हर? (एक वाचक, पुणे)

नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. ५८० ही त्याची शेवटची ड्रायव्हर शाखा.

प्रश्न : विंडोज अपडेट होत नाही आणि बँकेची साइट 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणते. मशीन २०१२ चे. सपोर्ट संपल्यामुळे का? (एक वाचक, बीड)

आधी कोपऱ्यातले घड्याळ पाहा. तारीख काही वर्षे मागची दिसत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला आहे. साइटचे प्रमाणपत्र तारखेवरून तपासले जाते, तारीख चुकली की प्रत्येक सुरक्षित साइट खोटी वाटते आणि अपडेटही फसते. प्लग काढा, सेल बदला, बायोसमध्ये तारीख भरा. सेल काढल्यावर बायोसच्या बाकीच्या मांडण्याही मूळपदावर जातात. डिस्कची मांडणी 'एएचसीआय'वरून 'आयडीई'वर गेली तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते, म्हणून सेल काढण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो घ्या.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला डेस्कटॉप घ्यायचा आहे. काय पाहू? (एक वाचक, डोंबिवली)

'आय-फाइव्ह' या नावावर जाऊ नका, त्यापुढचा आकडा वाचा. ८५०० म्हणजे आठवी पिढी, ६५०० म्हणजे सहावी. इंटेलमध्ये आठवी किंवा पुढची, एएमडीत रायझन २६०० किंवा त्यानंतरचा ३६००, असे धरले तर विंडोज ११ चा मार्ग मोकळा राहतो. 'सहावीचे घ्या, नंतर प्रोसेसर बदलू' असे कोणी म्हटले तर मान्य करू नका. सॉकेट सारखेच दिसते, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर एच११० सारख्या जुन्या बोर्डावर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो.

दुकानातच मशीन सुरू करायला सांगा. स्टार्टमध्ये टी-पी-एम, टिंब, एम-एस-सी टाइप करून टीपीएम २.० दिसते का पाहा. सिक्युअर बूट चालू आहे ना, तेही पाहा. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होतात आणि त्यांच्या जागी २०२३ ची बसवावी लागतात. ती विंडोज अपडेटमधून येतात, पण काही बोर्डांना त्याआधी बायोस अपडेट लागतो, म्हणून बोर्डाचे नाव लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याचे शेवटचे बायोस कधीचे आहे ते पैसे देण्याआधी तपासा. हार्ड डिस्कवालेच मशीन मिळत असेल तर भावातून तेवढे कमी करून घ्या आणि २५६ जीबीची साटा एसएसडी बसवा. त्याच रकमेत रॅम वाढवण्यापेक्षा फरक जास्त पडतो.